दोनशे गॉब्लिन आणि साडेचार तास

गेल्या पावसाळ्यातल्या एका शनिवारी मी माझ्या चार चांगल्या मित्रमैत्रिणींची संध्याकाळ पार वाया घालवली. त्यासाठी मला दोनशे गॉब्लिन, एक एक्सेल शीट आणि वीस बाजूंचा एक फासा एवढंच साहित्य लागलं. (हसू नका. पुढे वाचा.)

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणजे चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसून एकत्र रचलेली गोष्ट. एक जण गेम मास्टर, म्हणजे आपल्या भाषेत सूत्रधार. तो जग उभं करतो. बाकीच्यांकडे प्रत्येकी एक पात्र. खेळाडू म्हणतो, "मी दाराला कान लावून ऐकतो." सूत्रधार म्हणतो, "टाक फासा." आकडा चांगला आला तर आतली कुजबुज ऐकू येते, वाईट आला तर दार करकरतं आणि आतले लोक सावध होतात. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा यातला सगळ्यात प्रसिद्ध खेळ. कोथरूडातल्या एका मित्राच्या हॉलमध्ये, चहा आणि भडंगाच्या साथीने, आम्ही दीड वर्ष दर दुसऱ्या शनिवारी तो खेळत होतो. सूत्रधार मी.

दीड वर्षाच्या त्या गोष्टीचा शेवट एका मोठ्या लढाईने करायचा असं मी ठरवलं होतं. खेळाडूंनी ज्या गावाला आपलं म्हटलं होतं त्या गावावर गॉब्लिनांची फौज चालून येते. तिकडे दोनशे, इकडे साठ. आता मी पडलो इंजिनिअर. माझ्या डोक्यात आलं, नियम तर आहेतच, एकाला लागू होतात ते दोनशे साठ जणांनाही होतील. फक्त लूप मोठा! शीट तयार केली, प्रत्येक गॉब्लिनाला एक ओळ दिली आणि संध्याकाळी पाच वाजता सुरुवात केली.

एका जणाची पाळी वीस सेकंदांत उरकली तरी दोनशे साठ जणांना ५,२०० सेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ दीड तास. हा हिशोब मी आधी केला नव्हता. आठ वाजता दोन फेऱ्या झाल्या होत्या. आमच्यातला टेस्टर सोफ्यावर झोपला होता, आणि नाटक करत नव्हता, खरंच झोपला होता. मग मी वैतागून तिसरी फेरी सरासरीवर काढायला घेतली. चाळीस तिरंदाज, प्रत्येकाची लागण्याची शक्यता इतकी, म्हणून नुकसान इतकं. त्या फॉर्म्युल्यात एक चूक निघाली, ती शोधण्यात अजून वेळ गेला. साडेनऊला घड्याळ पाहिलं. या खेळात एक फेरी म्हणजे सहा सेकंद. साडेचार तासांत आम्ही अठरा सेकंद लढलो होतो!!

पण खरी गडबड वेगळीच झाली. तिसऱ्या फेरीच्या सरासरीत आमच्या एका मैत्रिणीचं पात्र मेलं. तिला इथे धनुर्धारी म्हणू, कारण तिचं पात्र तेच होतं. दीड वर्ष तिने ते पात्र वाढवलं होतं. त्याची वही होती, चित्रं होती, एक भांडकुदळ आजी होती. मी शीटवरून वाचून दाखवलं, "तुझे हिट पॉइंट संपले." ती शीटकडे बघत राहिली आणि तिने शांतपणे विचारलं, "यात मी काय केलं?"

ती चिडून बोलत नव्हती, तिला खरंच माहिती हवी होती. आणि खरं उत्तर होतं, काही नाही. तू सत्तेचाळिसाव्या ओळीत होतीस.

पुढच्या दोन शनिवारी ती आली नाही. ऑफिसचं काम आहे म्हणाली. असेलही. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मग मी जे नेहमी करतो तेच केलं, वाचायला बसलो. वाचता वाचता लक्षात आलं की माझं त्या शनिवारचं दुखणं दोनशे वर्षं जुनं आहे. एवढंच नाही, तर हा अख्खा खेळच त्या दुखण्यातून जन्माला आलाय. तर आज त्याबद्दल.

बुद्धिबळाला जमिनीवर आणणारे लोक

सुरुवात आपल्याकडेच होते. चतुरंग म्हणजे सैन्याची चार अंगं: हत्ती, घोडा, रथ, पायदळ. हा खेळ भारतातून इराणात, तिथून अरबांकडे आणि मग युरोपात गेला. लढाईचा खेळ म्हणून तो सुंदर आहे, पण लढाईसारखा अजिबात नाही. पटावर ना टेकडी आहे ना चिखल. उंटाने प्याद्यावर झडप घातली की प्यादं मेलंच. ते कधी परतून लढत नाही आणि घाबरून पळूनही जात नाही.

१७८० साली जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग इथे हेलविग नावाच्या गणिताच्या शिक्षकाने हे बदलायला घेतलं. त्याने १,६१७ घरांचा पट केला. घरांना रंग दिले, एक रंग डोंगराचा, एक पाण्याचा, एक दलदलीचा. पण मुळात ते बुद्धिबळच राहिलं. घरं जास्त झाली एवढंच.

खरी उडी प्रशियात पडली, आणि ती एका बाप-लेकाच्या जोडीने मारली. बाप राइसवित्झ सरकारी अधिकारी. त्याने १८१२ मध्ये राजा तिसरा फ्रेडरिक विल्हेल्म याला एक खेळ नजर केला. नुसता पट नव्हे, खण असलेलं एक भलंमोठं टेबल, ज्यावर जमिनीचे तुकडे हवे तसे मांडता येत. राजघराण्याला खेळ आवडला. पण आपल्या कामाचा माणूस म्हणजे मुलगा, तोफखान्यातला लेफ्टनंट. त्याने १८२४ साली या खेळाचे नवे नियम छापले. नाव 'क्रीगस्पील', म्हणजे सरळसरळ युद्धाचा खेळ.

मुलाने काय केलं बघा. खरा नकाशा घेतला, १:८,००० प्रमाणाचा. फासे आणले, म्हणजे हल्ला केला की यश येईलच असं नाही. पलटण एका फटक्यात मरण्याऐवजी तिचं नुकसान थोडं थोडं मोजलं जाऊ लागलं. आज आम्ही ज्याला हिट पॉइंट म्हणतो त्याचे हे पणजोबा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन्ही बाजूंच्या मध्ये एक पंच बसवला. खेळाडू सोंगट्या स्वतः हलवत नाहीत. ते पंचाला लेखी हुकूम देतात. हुकूम घेऊन जाणाऱ्या स्वाराला पोचायला वेळ लागतो, तो पंच मोजतो. शत्रू टेकडीमागे असेल तर पंच तो तुम्हाला दाखवतच नाही.

मंडळी, हा पंच ओळखीचा वाटतो का? जग त्याच्या डोक्यात आहे, खेळाडूंना दिसतं तेवढंच तो सांगतो, आणि ते जे करतील त्याचा परिणाम ठरवतो. हाच आमचा सूत्रधार. कोथरूडच्या हॉलमध्ये मी जो मान मिरवतो तो प्रशियाच्या तोफखान्यातून आलाय!

प्रशियाच्या जनरल स्टाफचा प्रमुख म्यूफलिंग याच्यासमोर या खेळाचं प्रात्यक्षिक झालं. तो सुरुवातीला फारसा उत्सुक नव्हता म्हणतात, पण शेवटी, हा खेळ कसला, हे तर युद्धाचं शिक्षण आहे, अशा अर्थाचं बोलला आणि त्याने सैन्यात त्याची शिफारस केली. पुढे या खेळाची तक्ते आणि नियमांची पोथी जाड होत गेली. एक चाल सोडवायला इतका वेळ लागायचा की अधिकारी कंटाळायचे. (इथे वाचताना मला टेस्टरचा सोफा आठवला.) मग १८७६ साली व्हर्दी द्यु व्हेर्नुआ या प्रशियन अधिकाऱ्याने सांगितलं की तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंचाला आपल्या बुद्धीने निकाल देऊ द्या. तेव्हापासून दोन पंथ झाले, नियमवाले आणि पंचवाले. ते भांडण आजही प्रत्येक खेळाच्या टेबलावर चालू आहे.

पण एक गोष्ट दोन्ही पंथांत समान होती. खेळणारा माणूस नेहमी सेनापती. शिपाई म्हणजे आकडा. त्यामुळे "यात मी काय केलं?" हा प्रश्न तिथे कुणाला पडलाच नाही. हुकूम तू दिलास, पलटण गेली, म्हणजे तूच केलंस.

लढाई झालीच नाही, आणि खेळ सापडला

मधली काही दशकं भराभर ओलांडू. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स, हो तोच, 'द टाइम मशीन'वाला, त्याने 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक काढलं. घरच्या जमिनीवर शिशाचे शिपाई मांडायचे आणि स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने ते पाडायचे. लढाईचा खेळ बरॅकमधून दिवाणखान्यात आला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत अशा हौशी लोकांचे गट तयार झाले होते. नेपोलियनच्या लढाया, छोटे शिपाई, मोठी टेबलं.

त्यातल्या मिनेसोटातल्या एका गटात डेव्हिड वेझली नावाचा तरुण होता. त्याला टॉटन या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याचं १८८० सालचं 'स्ट्रॅटेगोस' हे पुस्तक सापडलं होतं. ते प्रशियाच्याच परंपरेतलं. त्यातून त्याला पंचाची कल्पना फार आवडली. १९६९ साली त्याने एक लढाई मांडली. नेपोलियनच्या काळातलं ब्राउनश्टाइन नावाचं एक काल्पनिक जर्मन गाव, त्यावर दोन सैन्यं चालून येतायत. पण खेळाडू जास्त झाले. सेनापती दोनच लागतात. मग वेझलीने उरलेल्यांना गावातली माणसं वाटून दिली. कुणी नगराध्यक्ष, कुणी बँकवाला, कुणी विद्यापीठाचा कुलगुरू. प्रत्येकाला स्वतःचा एक हेतू दिला.

मग काय, गोंधळ! नगराध्यक्ष एकाशी कानगोष्टी करतोय, बँकवाला दुसऱ्याशी. लोक पंचाला बाजूला घेऊन "मी गुपचूप अमुक करतो" म्हणून सांगतायत. दोघांची बाचाबाची होऊन प्रकरण द्वंद्वयुद्धापर्यंत गेलं. लढाई सुरूच झाली नाही. वेझलीला वाटलं, आपला प्रयोग पार फसला. पण खेळाडू म्हणाले, परत कधी?

मी हे वाचलं तेव्हा खुर्चीत सरळ बसलो. दोन सैन्यं दारात उभी असताना लोकांना त्या सैन्यांपेक्षा "मी कोण आणि मी काय करू" यात जास्त रस वाटला. रोल-प्लेइंगचा पहिला खेळ म्हणजे एक न झालेली लढाई आहे.

त्या गटातल्या डेव्ह आर्नसनने हा धागा पुढे नेला. १९७१ पासून तो ब्लॅकमूर नावाच्या जहागिरीत आपल्या मित्रांना खेळवू लागला. किल्ला, त्याखाली तळघरं, तळघरांत राक्षस. खेळाडू त्या तळघरांत इतके रमले की वर शत्रूने किल्लाच घेतला!

लढण्याच्या नियमांसाठी आर्नसनने सुरुवातीला 'चेनमेल' वापरलं. हे गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचं १९७१ सालचं मध्ययुगीन लढायांचं पुस्तक. त्यात एक बाहुली म्हणजे वीस माणसं. मागे कल्पनारम्य लढायांची पुरवणी होती, ड्रॅगन, जादूगार वगैरे. आणि त्यात होता 'हीरो'. हा एकटा माणूस चार बाहुल्यांच्या ताकदीने लढतो. 'सुपरहीरो' आठांच्या. हीरोला मारायचं तर एकाच वेळी चार घाव बसले पाहिजेत.

या एका ओळीत सगळं आलं. एका बाजूला आकडे, दुसऱ्या बाजूला एक माणूस, आणि दोघांना जोडणारा विनिमयाचा दर, चारास एक. १९७४ च्या जानेवारीत गायगॅक्स आणि आर्नसनचं डंजन्स अँड ड्रॅगन्स आलं, पहिल्या छपाईत हजार प्रती. त्यात योद्ध्याच्या चौथ्या पायरीचं नाव होतं हीरो आणि आठव्या पायरीचं सुपरहीरो. तोच जुना दर! मुखपृष्ठावर 'रोल-प्लेइंग' हा शब्दही नव्हता, मध्ययुगीन युद्धखेळांच्या मोहिमांचे नियम अशीच त्याची ओळख होती.

नवव्या पायरीला योद्धा 'लॉर्ड' होतो. मग त्याने किल्ला बांधायचा, माणसं पदरी ठेवायची. म्हणजे मूळ बेत असा की तुम्ही तळघरात एकट्याने सुरुवात कराल, मोठे व्हाल आणि एक दिवस पुन्हा सैन्याच्या टेबलावर परत याल. थोडक्यात काय, प्रोग्रामर म्हणून लागायचं आणि नंतर मॅनेजर व्हायचं. :)

आणि आपल्याकडे जे होतं तेच तिथेही झालं. बऱ्याच जणांना मॅनेजर व्हायचंच नव्हतं.

परत जाण्याचे रस्ते

तरीही लढाईची हौस जाईना. गोष्टी तशाच असतात ना, शेवटी दोन फौजा समोरासमोर याव्यात असं वाटतंच. म्हणून पुढच्या प्रत्येक दशकात कुणीतरी पूल बांधायचा प्रयत्न केला.

१९७६ साली गायगॅक्सने 'स्वोर्ड्स अँड स्पेल्स' काढलं. त्यात त्याने घावांचे फासेच काढून टाकले. अमक्या ताकदीच्या तुकडीने तमक्या तुकडीवर हल्ला केला की ठरावीक नुकसान, तक्त्यात बघा. म्हणजे मी तिसऱ्या फेरीत जे केलं तेच! गणित म्हणून ते बरोबर आहे. दोनशे गॉब्लिन, प्रत्येकाची लागण्याची शक्यता ३० टक्के. सरासरी ६० घाव. प्रमाण विचलन साधारण साडेसहा. म्हणजे दोनशे फासे टाकून तुम्हाला बहुतेक वेळा ४७ ते ७३ च्या मधलाच काहीतरी आकडा मिळणार. एक गॉब्लिन काय करेल सांगता येत नाही, पण दोनशे काय करतील ते जवळपास ठरलेलं असतं. मग तास घालवून फासे कशाला टाकायचे?

१९८४ च्या कम्पॅनियन सेटमधल्या 'वॉर मशीन'ने आणखी काटछाट केली. दोन्ही सैन्यांना एकेक गुणांक द्या, शंभरचा फासा टाकून त्यात मिळवा, फरक बघा, निकाल लागला. पाच मिनिटांत साम्राज्य बुडतं. उलट १९८५ च्या 'बॅटलसिस्टम'ने अख्खं टेबल परत आणलं, सोंगट्या, तुकड्या, सेनानायक. ज्यांना सेनापती व्हायचं होतं त्यांना त्यात मजा आली.

हे सगळे हुशार लोक होते आणि त्यांचे नियम चालतात. पण हे नियम एकाच प्रश्नाचं उत्तर देतात, कोण जिंकलं? धनुर्धारीचा प्रश्न तो नव्हता.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मला १९८५ च्याच एका दुसऱ्या खेळात सापडलं. ग्रेग स्टॅफर्डचा 'पेंड्रॅगन', आर्थर राजाच्या सरदारांवरचा. स्टॅफर्डने दुर्बीण उलटी धरली. एवढी मोठी लढाई, पण खेळाडू त्यातला एक घोडेस्वार. वरचा निकाल सेनापतींच्या पातळीवर लागतो, तो बहुतेक तुमच्या हातात नसतो. तुमच्या हातात असतो फक्त तुमचा भाग. दर फेरीला त्या गर्दीत तुमच्यासमोर कोण येतं ते ठरतं आणि तुम्ही त्याच्याशी लढता. पडता किंवा टिकता, कीर्ती मिळवता. लढाई हरली तरी तुम्ही काय केलं ते तुमचंच असतं.

वीस वर्षांनी डंजन्स अँड ड्रॅगन्सवाल्यांनाही हे पटलं. २००५ च्या 'हिरोज ऑफ बॅटल'चा सल्ला असा की लढाई ही मागे चालू असलेली गोष्ट समजा, खेळाडूंच्या टोळीला तिच्यातली नेमकी कामं द्या आणि त्या कामांच्या यशापयशाने पारडं झुकवा. २००६ च्या 'रेड हँड ऑफ डूम' या साहसात तर अख्खी मोहीमच तशी आहे. फौज शहरावर चालून येतेय. तुम्ही वाटेत पूल पाडला, मित्र जोडले, शत्रूला उशीर केला की त्याचे गुण जमा होतात. शेवटच्या लढाईत हजारो लढतात, पण टेबलावर येतात ते फक्त मोजके प्रसंग, जिथे तुम्ही असता.

अनिश्चितता नेमकी कुठे असते

इथे माझ्या इंजिनिअर डोक्यात दिवा लागला. तलवारीच्या घावांतली अनिश्चितता मोठ्या संख्येत आपोआप विरून जाते. तरीही खऱ्या लढाया अनिश्चितच असतात, कारण ती अनिश्चितता दुसरीकडे असते. निरोप वेळेवर पोचला का? डावीकडचा सरदार हलला का? माणसं घाबरली का? या गोष्टींची सरासरी निघत नाही, कारण त्या एकेकदाच घडतात.

आपल्याला हे कुणी वेगळं सांगायला नको. १४ जानेवारी १७६१. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली. भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि रिकामी अंबारी पाहून फौजेने हाय खाल्ली, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पराभवाची कारणं अनेक होती, उपासमार होती, दूर गेलेली रसद होती. पण त्या दुपारचा तो क्षण कुठल्याही एक्सेल शीटच्या ओळीत मावत नाही. माझ्या शीटमध्ये विश्वासराव म्हणजे फक्त एक ओळ कमी झाली असती.

राइसवित्झला हे १८२४ साली कळलं होतं. म्हणूनच त्याच्या खेळात निरोप्याला वेळ लागत होता आणि टेकडीमागचं दिसत नव्हतं. मी त्याचे तक्ते तेवढे उचलले होते आणि निरोप्या विसरलो होतो.

दुसरा प्रयत्न

मी धनुर्धारीला फोन केला. म्हटलं, ती लढाई पुसून टाकू आणि पहिल्यापासून खेळू. माझी चूक होती, फाशाची नाही. ती म्हणाली, "येते. पण एक्सेल उघडलंस तर मी निघाले."

या वेळी टेबलावर गावाचा हाताने काढलेला नकाशा होता आणि एक कागद, त्यावर शून्य ते दहा अशी रेघ. तिचं नाव 'गावाचा धीर'. शून्यावर आली की गाव पळणार. गॉब्लिन मोजायचेच नाहीत. लढाईचे पाच टप्पे केले. प्रत्येक टप्प्यात प्रत्येकाने एक जागा निवडायची, तिथे मी एक प्रसंग देणार, आणि त्याच्या निकालाने रेघेवरची सोंगटी हलणार. एका जागेची बातमी दुसऱ्या जागी कळायला एक टप्पा लागणार. (हे राइसवित्झकडून ढापलं. आणि पूल 'रेड हँड'मधून. कबूल आहे.)

तिसऱ्या टप्प्यात धनुर्धारी पुलावर होती. पूल जाळायची तयारी झाली होती. पलीकडून गॉब्लिन येत होते आणि त्यांच्या पुढे, अजून पलीकडच्याच काठावर, आपली तीस माणसं धावत होती. आत्ता जाळला तर गाव बऱ्यापैकी सुरक्षित. थांबली तर तीस जण वाचतील, पण त्यांच्यामागून किती गॉब्लिन आत घुसतील ते सांगता येत नाही. मी एवढंच सांगितलं आणि गप्प बसलो. टेस्टर जागा होता. कुणीच भडंगाला हात लावत नव्हतं.

ती थांबली. तीसातली बहुतेक माणसं आली. त्यांच्यामागून गॉब्लिनही आले आणि धान्याचं कोठार जळालं. गाव वाचलं, पण हिवाळ्याला धान्य नाही. सगळी लढाई अडीच तासांत संपली.

आता थोडं खरं बोलू. ही पद्धत सगळ्यांना आवडली असं नाही. टेस्टरला बुद्धिबळाचा नाद आहे. तो म्हणाला, "छान होतं, पण मला तुकड्या हलवायच्या होत्या." त्याचंही बरोबर आहे. सेनापती व्हावंसं वाटणं ही काही चुकीची हौस नाही, दोनशे वर्षं लोक त्याच हौसेने खेळले. त्याच्यासाठी एका रविवारी आम्ही दोघं नुसता नकाशा आणि लेखी हुकूम घेऊन क्रीगस्पीलसारखं काहीतरी खेळणार आहोत. चूक तेव्हा होते जेव्हा तुम्ही माणसाला दीड वर्ष एक पात्र जगायला लावता आणि शेवटच्या दिवशी त्याला न विचारता आकडा करून टाकता. ऑफिसमध्ये आपल्यापैकी प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या शीटमधली सत्तेचाळिसावी ओळ होऊन पाहिलंय. शनिवारी संध्याकाळी तरी तो अनुभव नको.

तेव्हा मोठी लढाई खेळवायची असेल तर आधी स्वतःला विचारा, समोर बसलेल्याला सेनापती व्हायचंय की त्या गर्दीतला एक माणूस? उत्तर पहिलं असेल तर 'बॅटलसिस्टम'चा रस्ता धरा. दुसरं असेल तर गॉब्लिन मोजू नका, पूल शोधा.

बाकी धनुर्धारी नियमित येतेय. आमची गोष्टही संपली नाही, कारण आता गावाला धान्य आणायचंय. पण दर वेळी चहा ओतताना ती तोच विषय काढते. तिचं म्हणणं, तिने दहा सेकंद आधी पूल पेटवला असता तर वीस जण तरी आले असते आणि कोठारही वाचलं असतं. मी म्हणतो, नसतं वाचलं. ती म्हणते, तुला काय माहीत, पुलावर मी होते.